मेस्त्री उठले की पाठ पडला

शाळेत त्यांना सगळे बाई म्हणायचे, त्यात काही नवल नाही. नवल हे, की घरी नवराही बाईच म्हणायचा. लग्न नवं होतं तेव्हा चिडवायला म्हणून त्यानं सुरू केलं, आणि ते तोंडात बसलं ते बसलंच. बाईंनीही उट्टं काढलं. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, सगळी गल्ली त्याला मेस्त्री म्हणायची, मग बाईही मेस्त्रीच म्हणू लागल्या. एक नववीला इंग्रजी शिकवणारी, दुसरा नववीत इंग्रजीनंच लोळवलेला. मेस्त्री पाहुण्यांना हौसेनं सांगायचे, इंग्रजीनं मला शाळेतून हाकललं, म्हणून मी तिला लग्न करून घरीच घेऊन आलो. पाहुणे हसायचे, बाई डोळे वटारायच्या, आणि हा खेळ वर्षानुवर्षं चालला.

बाईंच्या पाठांचा शाळेत दबदबा होता. इंग्रजीचा तास म्हटला की पोरांचे चेहरे कसे होतात ते मी सांगायला नको. यांच्या तासाला मात्र पोरं घंटेआधी जागेवर. एकदा त्यांनी वर्गापुढे नुसती एक रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, आत्ताच हिच्यावरून कुणीतरी उठून गेलंय. कोण होतं आणि का उठलं, लिहा. एकदा दोघादोघांच्या जोड्या लावल्या. दोघंही दवाखान्यात नंबर यायची वाट बघतायत, आपल्याला काय होतंय ते कुणीच सांगायचं नाही, बाकी वाटेल ते बोला. इंग्रजीत, अर्थात. व्याकरणाची पार दाणादाण उडायची, पण पोरं बोलायची, लिहायची, एकमेकांच्या वहीत डोकावायची.

पण बाईंचा हुकमी पत्ता वेगळाच होता. गोष्ट मधेच तोडायची. वाचता वाचता एका जागी थांबायचं, पुस्तकं मिटायला लावायची आणि सांगायचं, पुढचं तुम्ही लिहा. ती जागा अशी नेमकी असायची, की अख्खा वर्ग तळमळायचा. इतर शिक्षकांनी नक्कल करून पाहिली. त्यांच्या वर्गात गोष्ट तुटली की पोरं डबे उघडायची. बाईंना कुणी विचारलं, हे तुम्हाला जमतं कसं, तर त्या म्हणायच्या, अंदाजानं. साफ खोटं. अंदाजबिंदाज काही नव्हता. ती जागा मेस्त्री शोधून द्यायचे.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मेस्त्रींचं काम चालायचं. लांबट टेबल, त्यावर पोट उघडून पडलेलं एखादं मशीन, तेलाची कुपी, आणि झाकणात जमवलेले बारीक स्क्रू. बाई शाळेतून आल्या की समोरच्या स्टुलावर बसायच्या आणि पुढच्या आठवड्यातला पाठ मेस्त्रींना सांगायच्या, सरळ आपल्या भाषेत. मेस्त्री खाली मान घालून काम करत ऐकायचे. गोष्ट कंटाळवाणी असली तरी वाईट बोलायचे नाहीत, स्वभावच नव्हता तो. फक्त स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचे, उठायचे आणि म्हणायचे, "चहा ठेवतो." मेस्त्री उठले की पाठ पडला. बाई मुकाट्यानं पाठाची मांडणी बदलायच्या, दुसरीकडून सुरुवात करायच्या, कवितेआधी एखादा प्रश्न लावून बघायच्या. कधीकधी एका कवितेपायी घरात इतका चहा व्हायचा की दूध पुरायचं नाही.

आणि गोष्ट रंगली की स्क्रूड्रायव्हर हवेतच थांबायचा. मेस्त्री मान वर करायचे आणि विचारायचे, "मग?" बास. बाई पुस्तकात तिथेच लाल रेघ मारायच्या. पुढचं त्यांनाही सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, आता ते मुलं लिहितील. मेस्त्री वैतागायचे. "हा छळ आहे, बाई," असं म्हणून मशीनच्या पोटात डोकं खुपसायचे. मग वर्गात पोरांनी लिहिलेले शेवट घरी यायचे, बाई ते एकेक आपल्या भाषेत वाचून दाखवायच्या, आणि मेस्त्री, मला काय त्याचं, असा चेहरा करून शेवटच्या पानापर्यंत ऐकायचे. वर्गातल्या एकाही पोराला पत्ता नव्हता की आपल्या लिखाणाची गल्लीतला एक मशीनवाला इतकी वाट बघतो.

असं सगळं सुखात चाललेलं असताना मेस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. टेबलापाशीच बसले होते, बसल्या जागी कलंडले. हॉस्पिटल झालं, घरी आणलं. पाय सावरला, काठी घेऊन हिंडू लागले. उजवा हात अर्धामुर्धा परतला. वाचा मात्र गेली ती आलीच नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्यांना सगळं कळतंय, घसाही धड आहे, शब्द तेवढे वाटेत अडकलेत. काय यायचं ते सुरुवातीच्या काही महिन्यांतच येतं, नंतर कठीण होत जातं. त्यांच्याशी बोलत राहा.

एवढ्या वर्षांत मेस्त्री काही फार बोलले नव्हते. पण जे बोलायचे, त्यावर घर चाललं होतं. एक "चहा ठेवतो," एक "मग?", एक "हा छळ आहे." ती तीन वाक्यं गेली आणि घर मुकं झालं. लांब राहणारी लेक रोज फोन करायची, विचारायची, आज काही बोलले का बाबा? बाई म्हणायच्या, बोलतील. फोन ठेवला की मात्र त्यांचा धीर सुटायचा.

मग बाईंनी कंबर कसली. आणि काय केलं? तर शिक्षिकेनं जे करावं तेच केलं, आणि तिथेच चुकलं. जाड कागदाचे चौकोन कापले, त्यांवर चित्रं काढली. कप, दार, काठी, स्क्रूड्रायव्हर. रोज शाळेतून आल्या की मेस्त्रींसमोर बसायच्या आणि एकेक चौकोन वर धरायच्या. "हे काय आहे? म्हणा. क... प." आवाजही वर्गातला, वरच्या पट्टीतला. मेस्त्रींनी आधी मन लावून प्रयत्न केला. भलताच आवाज निघाला. बाईंनी दुरुस्त केला. पुन्हा काढला, पुन्हा दुरुस्त केला. एकदा कसाबसा अर्धा शब्द आला तर बाईंनी टाळी वाजवून शाब्बास म्हटलं. त्या दिवसापासून मेस्त्रींनी तोंडाला कुलूप घातलं. बाईंनी चौकोन वर धरला की ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

अहो, ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांची मशिनं बोलती केली, त्याला कपाचं चित्र दाखवून हे काय म्हणून विचारायचं? आणि कुणी, तर बाईंनी. शाळेत नवा शिक्षक आला की त्याचे कान उपटायच्या त्या ह्याच गोष्टीवरून. पोराला शब्द हवासा वाटू दे, मग शब्द माग, असं सांगून सांगून त्यांनी कित्येकांना भंडावून सोडलं होतं. पण भीती वाईट असते. भ्यालेल्या माणसाला आपलं शहाणपण आठवत नाही.

शाळेतही सगळं ढेपाळलं. गोष्ट कुणाला सांगायची आणि रेघ कुणी दाखवायची? बाईंनी चक्क गाईड उघडलं. सारांश, शब्दार्थ, एका वाक्यात उत्तरे. पोरांनी सुरुवातीला समजून घेतलं, घरी आजारपण आहे हे त्यांच्या कानावर होतं. मग हळूहळू वर्ग पेंगू लागला. त्या वर्गात एक मुलगी होती, दिवसभर अखंड चालू म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणायचे. एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. बाईंना वाटलं, काहीतरी तक्रार घेऊन आली असेल. रेडिओ जरा वेळ गप्पच उभी राहिली. तिच्या बाबतीत हीच मोठी बातमी होती.

"बाई, आता आपण मधे थांबत का नाही?" तिनं विचारलं. "पूर्वी आपण थांबायचो."

बाईंनी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं, अभ्यासक्रम संपवायचाय वगैरे. पण वाट चालताना तो प्रश्न डोक्यातून जाईना.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी सवयीनं चौकोन काढले. पहिलाच कपाचा निघाला. मन नव्हतं, पण हात चालले होते. हे काय आहे, म्हणा. मेस्त्रींनी कपाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातावर पंजा रोवला, काठी ओढली आणि उठले. बाई ओरडल्या, अहो पडाल, कुठे निघालात? मेस्त्रींनी ढुंकून पाहिलं नाही. टेकत टेकत ते स्वयंपाकघरात गेले आणि डाव्या हातानं चहाचं भांडं उतरवून ओट्यावर ठेवलं.

बाई तो चौकोन हातात घेऊन होत्या तिथेच उभ्या राहिल्या. आधी रागच आला होता. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. पाठ पडला होता. मेस्त्री कंटाळले होते, आणि कंटाळायला आधी ऐकावं लागतं. इतके महिने त्यांना वाटत होतं की आपण भिंतीशी बोलतोय, आणि हा माणूस तर पूर्वीसारखाच परीक्षा घेत बसला होता. बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी बाहीनं पुसलं. मेस्त्रींनी वळून बघितलं. त्यांच्या तोंडाची एक बाजू अजून नीट हलत नव्हती, पण दुसरी हलली. त्या दिवशी चहा सांडत, लवंडत का होईना, मेस्त्रींनीच केला. चौकोनांची चवड बाईंनी डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली, निदान तिथे तरी उपयोगी पडेल म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून बाई पुन्हा पाठ घेऊन घरी येऊ लागल्या. पाठ्यपुस्तकातली शिल्लक गोष्ट सांगितली. मेस्त्री उठले. दुसऱ्या बाजूनं सांगितली, तरी उठले. बाईंना वाईट वाटायच्या ऐवजी गुदगुल्या होत होत्या. लेकीला फोनवर म्हणाल्या, तुझे बाबा मला नापास करतायत, रोज. लेकीला काही कळेना, आईचा आवाज इतका आनंदी का. पण पुस्तकात आता दम असलेली एकही गोष्ट उरली नव्हती. तेव्हा बाईंनी ठरवलं, आपणच एक रचायची.

हॉस्पिटलात असताना त्या रोज एका खिडकीपाशी थांबायच्या. भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या तिथे ठेवून घ्यायचे. खिडकीमागे एक जाडगेली बाई बसायची, कुणाशी फारसं बोलायची नाही, पिशव्या मात्र निगुतीनं लावायची. तिला बाईंनी उचललं आणि स्टेशनवरच्या सामान ठेवायच्या खोलीत नेऊन बसवलं. शाळेतल्या मधल्या सुट्टीत, बसची वाट बघताना, भांडी घासताना त्या ती गोष्ट मनात घोळवत राहिल्या. आठवडाभरानं एका संध्याकाळी, ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा, त्या मेस्त्रींसमोर बसल्या आणि सांगू लागल्या.

स्टेशनवर सामान ठेवून घेणारी एक बाई असते. कुणाच्या सामानाला आपणहून हात लावायचा नाही, हा तिचा नेम. एकदा एक माणूस येतो, कापडानं झाकलेला पिंजरा तिच्याकडे ठेवतो. सांगतो, तासाभरात येतो, तेवढं कापड काढू नका. ती विचारते, आत काय आहे. तो म्हणतो, झोपलंय. आणि जातो. तास होतो, दुपार होते. तो येत नाही. गाड्या येतात, जातात, लोक आपापलं सामान सोडवून नेतात, खोली रिकामी होत जाते, शेवटी ती आणि पिंजरा. दिवे मालवायची वेळ होते. आणि कापडाखालून आवाज येतो. पाखराचा नाही. कुणीतरी तिचं लहानपणीचं, घरातलं नाव घेतं, जे इथे कुणालाच माहीत नाही. ती पिंजऱ्याजवळ जाते. कापडाचं टोक चिमटीत धरते.

मेस्त्री डाव्या हातानं झाकणातले स्क्रू चिवडत होते. तो हात कधीच थांबला होता. ते बाईंकडे टक लावून बघत होते. बाई थांबल्या.

काहीच झालं नाही. बाहेरून एक सायकल गेली. बाईंच्या जिभेवर "म्हणा" हा शब्द आला होता, तो त्यांनी दातांखाली धरला. वर्गात त्यांचा नियम होता, गोष्ट तोडली की शिक्षकानं तोंड मिटायचं. कितीही वेळ जाऊ दे. मुलांची शांतता मुलांना वापरू द्यायची, आपण मधे लुडबुडायचं नाही. वर्गात हे सोपं होतं. इथे जीव टांगणीला लागला होता. मेस्त्रींचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. ते बघवेना म्हणून बाई उठल्या. म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे निघाल्या.

मागून काठी फरशीवर आपटली. मग एक घरघर, मग पुन्हा एकदा.

"उ... उचल... उचललं?"

बाई दारातच थांबल्या. मागे वळायची त्यांना छाती होईना. तो "मग" नव्हता. कुणी पढवलेला, पाठ करून घेतलेला शब्द नव्हता. त्या माणसाला खरंच हवं होतं ते उत्तर, आणि त्यासाठी लागणारा शब्द तो स्वतः, कुठून कुठून ओढत घेऊन आला होता. शाब्बास म्हणावं, धावत जाऊन मिठी मारावी, लेकीला फोन लावावा, सगळं एकदम वाटलं. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. आयुष्यभर जे उत्तर दिलं तेच दिलं, फक्त आवाज काबूत राहिला नाही.

"मला काय माहीत? आता ते मुलं लिहितील."

बाई वळल्या, तर मेस्त्रींनी असा काही जळजळीत कटाक्ष टाकला की बाईंना आपलं सगळं लग्न आठवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी पिंजऱ्याची गोष्ट इंग्रजीत सांगितली आणि तिथेच तोडली. पेंगणारी पोरं ताठ झाली. मग, इतकी वर्षं लपवलेलं त्यांनी पहिल्यांदा फोडलं. सांगितलं, माझ्या घरी एक आजोबा आजारी आहेत. आपण कुठे थांबायचं ते आजवर तेच ठरवत आलेत. त्यांना कापड उचललं की नाही ते कळायला हवंय, आणि आज ते वाट बघतायत. तेव्हा जरा नीट लिहा. रेडिओनं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटून लिहायला घेतलं.

संध्याकाळी बाई कोपऱ्यावरून वळल्या तेव्हा मेस्त्री खिडकीत होते. खुर्ची एकट्यानं ओढत तिथवर नेली होती. बाई घरात शिरून पाणीही न पिता वाचायला बसल्या. कुणाच्या पिंजऱ्यात पोपट निघाला, कुणाच्या आरसा. एकानं त्या बाईला पिंजऱ्यासकट आगगाडीत बसवून दिलं. एक शेवट इतका लांबला की मेस्त्री अर्ध्यात उठून चहा ठेवून आले, आणि बाईंनी त्या पोराच्या पानावर त्याच ओळीपाशी लाल शाईनं लिहिलं, इथे एक वाचक उठला.

रेडिओचं पान बाईंनी शेवटी ठेवलं होतं. ते पाल्हाळिक असणार अशी त्यांची खात्री, पण निघालं इवलंसं. कारट्या पोरीनं लिहिलं होतं, की ती बाई कापड सोडून देते, पिंजऱ्याजवळ मांडी घालून बसते आणि म्हणते, आधी तू सांग, हे नाव तुला कुणी सांगितलं. बराच वेळ आत काही हलत नाही. मग आतून उत्तर येतं. ते उत्तर असं असतं, की

आणि पुढे काही नव्हतं. पान कोरं. खाली कोपऱ्यात फक्त एवढंच, की आजोबांना सांगा, पुढचं सोमवारी.

बाईंनी पान उलटून पाहिलं, सुलटं केलं, आणि मेस्त्रींना सांगितलं, एवढंच आहे हो. पोरीनं तोडलंय. मेस्त्रींना आधी ते पटेचना. त्यांनी ते पान हातात घेऊन निरखलं, जणू इंग्रजी वाचता येत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेवरची शीर तटतटली, ओठ एकमेकांवर आपटले. बाई स्टुलाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

"छळ," मेस्त्री म्हणाले. अगदी स्वच्छ, एका दमात.

बाईंनी लाल पेन उघडलं. रेडिओच्या पानाखाली शेरा म्हणून तो एकच शब्द लिहिला, आणि सहीची जागा मेस्त्रींसमोर धरली.